घरी स्प्रे पेंटने रंगवलेली मोटरसायकलची ट्रॉली : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घरच्या खळ्यात डब्यातल्या स्प्रे पेंटने रंगवलेल्या आमच्या ट्रॉलीने आता आंब्याचा एक हंगाम आणि एक अख्खा पावसाळा काढला आहे. त्यामुळे नव्या रंगाचे कौतुक बाजूला ठेवून तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल. माझे मत असे, की बाहेरच्या बाजूंच्या पत्र्यावर हा रंग चांगला टिकतो, अँगलच्या सांगाड्याला तो एकटा पुरत नाही, आणि माल जिथे घासतो त्या तळाला तो लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. किनारपट्टीवर तो किती टिकेल हे डब्यावरच्या नावापेक्षा, रंगवण्यापूर्वी लोखंडावरचे मीठ किती निघाले होते, यावर अधिक अवलंबून असते.

आमची बाग देवगड तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावर आहे. ट्रॉली दोन चाकांची, स्थानिक वर्कशॉपमध्ये अँगल आणि पत्रा वेल्ड करून घेतलेली, साधारण १.२ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद आहे. ती मोटरसायकलच्या मागे जोडून कलमांच्या मधल्या वाटेने आंब्याचे क्रेट, खताच्या गोणी, फवारणीचा पंप आणि पावसाळ्याआधी सरपण आणले जाते. सार्वजनिक रस्त्यावर दुचाकीमागे अशी ट्रॉली जोडावी की नाही हा नियमांचा प्रश्न स्वतंत्र आहे. आमची ट्रॉली बागेच्या गडग्याबाहेर जात नाही.

मूळचा रंग दोनच पावसाळ्यांत पोपडे धरून सुटला होता, आणि त्याचे कारण खरवडताना स्पष्ट दिसले. कारखान्यातून येणाऱ्या अँगलवर जी काळसर-निळी खपली असते ती न काढताच तिच्यावर ऑइलपेंटचा एक हात मारलेला होता. ही खपली आरंभी घट्ट वाटते, परंतु तिला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल आत शिरते आणि खपली सुटली की वरचा रंगही तिच्याबरोबर सुटतो. त्यामुळे ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून आणि जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सगळे लोखंड उघडे केले, वेल्डिंगचे उडालेले थेंब कानशीने काढले आणि पत्र्याच्या धारदार कडा किंचित गोल केल्या. कडा गोल करण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. धारेवरून ओला रंग दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या धारेवरच त्याचा थर सर्वांत पातळ राहतो.

यानंतरची पायरी घाटावरच्या माणसाला कदाचित अनावश्यक वाटेल. आपल्याकडे घासून चकचकीत झालेल्या लोखंडावरही मीठ असते. ते गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसते, डोळ्यांना दिसत नाही, आणि पॉलिश पेपरने ते निघत नाही, उलट पसरते. त्यावर रंग दिला की ते मीठ रंगाच्या पातळ थरातून हळूहळू जाणारी ओल खेचून घेते, खाली खाऱ्या पाण्याचा कण तयार होतो आणि वरचा रंग फोडासारखा फुगतो. पावसाळ्यानंतर पुष्कळांच्या गेटवर आणि खिडक्यांच्या गजांवर जे बारीक फोड दिसतात, त्यांतले बरेचसे याच जातीचे असतात. यावर उपाय गोड्या पाण्याचाच आहे. साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने ट्रॉली घासून, विहिरीच्या पाण्याने ती भरपूर धुऊन, पुसून उन्हात वाळवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच धुतली. खाडीकाठी ज्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे, त्यांनी यासाठी नळाचे पाणी वापरावे. वाळल्यावर लोखंडावर जो पिवळसर गंज धरतो तो बारीक पॉलिश पेपरने काढून, थिनरचे फडके फिरवून, त्याच दिवशी प्राइमर दिला पाहिजे. लोखंड रात्रभर उघडे राहिले तर आदल्या दिवसाची मेहनत फुकट जाते.

मडगार्ड सोडून बाकी ट्रॉलीला प्राइमर दोन प्रकारचे वापरले. बाजूंच्या पत्र्यावर डब्यातलाच प्राइमर मारला आणि सांगाड्याच्या एका बाजूला, मुद्दाम तुलना करण्यासाठी, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्राइमर ब्रशने दिला. रेड ऑक्साइड मी टाळले, कारण ते तेलाच्या रंगांच्या कुळातले असून पुरते कडक झालेले नसताना त्यावर तेज थिनरचा स्प्रे मारला, तर खालचा थर सुरकुततो. जुन्या रंगावरच स्प्रे मारायचा असेल त्यांनी आधी एका कोपऱ्यात थिनरचा बोळा मिनिटभर दाबून ठेवावा. रंग मऊ पडला किंवा उचलला गेला, तर तो खरवडल्यावाचून गत्यंतर नाही.

आता वेळेविषयी. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि साधारण दुपारकडे वारा फिरून खारा होतो. पहाटे हवा खारी नसते, पण तेव्हा दव असते. रात्री उघड्यावरचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे सूर्य वर आला तरी त्याच्यावर ओल टिकून असते आणि कोरड्या दिसणाऱ्या पत्र्यावरही बोट फिरवले की ती जाणवते. रंगाच्या कामाचा सर्वमान्य नियम असा, की पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. डब्यातून बाहेर पडणारा वायू आणि उडून जाणारे थिनर पत्रा आणखी गार करतात. हवा दमट असेल तर त्या गारव्याने ओल्या रंगावर बाष्प बसते आणि चकाकी जाऊन रंग दुधट होतो. त्यामुळे दव पूर्ण उडाल्यापासून खारा वारा सुरू होईपर्यंतचे दोन-तीन तासच खऱ्या अर्थाने कामाचे असतात. आम्ही ट्रॉली रात्री मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात ठेवत असू, दव ओसरल्यावर ती खळ्यात आणून ऊन दाखवत असू आणि मगच रंग मारत असू. वारा फिरल्याची पहिली झुळूक आली की त्या दिवसाचे काम थांबवायचे, हा नियम काटेकोरपणे पाळला. याचा आणखी एक फायदा म्हणजे सड्यावरची जांभ्याची तांबडी धूळ ओल्या रंगावर बसली नाही.

प्रत्यक्ष रंग मारण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. डब्यातली गोळी वाजू लागल्यानंतरही एक-दोन मिनिटे डबा हलवावा, नोझल पत्र्यापासून २० ते २५ सेंटीमीटर दूर धरावे, हात पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि एकाच जाड थराने झाकण्याचा मोह टाळून पातळ हात द्यावेत, म्हणजे ओघळ येत नाहीत. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा हे डब्यावर लिहिलेले असते. अनेक इनॅमल स्प्रेंच्या बाबतीत तासाभराच्या आत किंवा थेट एक-दोन दिवसांनी, असे दोनच पर्याय असतात आणि मधल्या वेळेत पुन्हा रंग मारल्यास सुरकुत्या पडतात. साधा कापडी किंवा कागदी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. डब्यातला वायू बहुधा ज्वलनशील असल्यामुळे जवळपास न्हाणीघराची चूल पेटलेली नसावी. मोहोर आलेल्या कलमाखाली हे काम करू नये, हे बागायतदारांना सांगण्याची गरज नाही.

आता निकाल. बाहेरच्या चारही बाजूंचा पत्रा आजही समाधानकारक स्थितीत आहे. निळ्या रंगाची चकाकी दक्षिणेकडच्या बाजूला थोडी उतरली आहे, पण पोपडा कुठेही नाही आणि फोड शोधूनही सापडत नाहीत. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात, नुसत्या पत्र्याच्या छपराखाली चारी बाजूंनी ओल घेत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीसाठी हे मी चांगले मानतो. काजूच्या बोंडूंचे आणि आंब्याच्या चिकाचे डाग मात्र लगेच न पुसल्यास कायमचे राहिले.

सांगाड्याची गोष्ट वेगळी आहे. जिथे डब्यातला प्राइमर आणि त्यावर डब्यातलाच रंग होता, तिथे अँगलच्या कडांवर आणि वेल्डिंगच्या जोडांवर श्रावणातच तांबड्या रेघा दिसू लागल्या. इपॉक्सी प्राइमरच्या बाजूला अशी एकही रेघ नाही. कारण जाडीचे आहे. स्प्रेच्या एका हाताचा वाळलेला थर जेमतेम दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या रंगांच्या आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय मानकात खाऱ्या किनारी हवेसाठी जो सी-५ वर्ग आहे, त्यात दीर्घकाळ टिकण्यासाठी सुचवलेल्या पद्धतींची एकूण जाडी दोनशे मायक्रॉनच्या वर जाते. डब्याने ती जाडी गाठणे शक्य असले तरी परवडणारे नाही. जोड, कडा आणि बोल्टांच्या भोवती आधी ब्रशने एक हात देऊन मग सगळीकडे रंग मारण्याची जी पद्धत बोटींच्या आणि पुलांच्या कामात वापरतात, ती ट्रॉलीलाही तितकीच लागू आहे.

तळाचा रंग हंगाम संपण्यापूर्वीच गेला. क्रेट ओढून काढताना त्यांच्या कडांनी सरळ रेघा पडल्या, आणि त्या रेघांत म्युरिएट ऑफ पोटॅशच्या फाटक्या गोणीतून सांडलेले खत बसले. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, अर्थात तेही मीठच. ओल मिळताच त्याने लोखंड खाल्ले. पंपात पेट्रोल भरताना जिथे ते सांडले तिथला रंग मऊ होऊन बोटाला लागला. काही न मिसळता थेट डब्यातून मारायचे ॲक्रिलिक रंग पेट्रोल सहन करत नाहीत आणि त्यांच्यावर मारलेले साधे क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थरही पेट्रोल रोखू शकत नाही. त्यासाठी हार्डनर (थर कडक करणारा दुसरा घटक) मिसळलेले कोट लागते.

मडगार्ड जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचे आहेत. त्यांच्यावर वर्कशॉपने मारलेला ऑइलपेंट सापाच्या कातेसारखा एकसंध निघून आला होता, कारण तेलाच्या रंगातली आम्ले जस्ताशी मिळून साबणासारखा थर तयार करतात आणि रंगाची पकड सुटते. तिथे एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित कुरतडून पकड घेणारा प्राइमर, आणि त्यावर ॲक्रिलिक स्प्रे दिला. चिखल, खडी आणि पाऊस सोसूनही तो शाबूत आहे. जोडणीचा गोळा, त्याची वाटी, ॲक्सलचे ग्रीस निपल आणि रिफ्लेक्टर हे भाग चिकटपट्टी आणि वर्तमानपत्राने झाकून रंगापासून दूर ठेवले होते.

खर्चाचा हिशेबही याच निष्कर्षाकडे नेतो. ४०० मिलिलिटरच्या डब्यातून एका हाताला साधारण दीड ते दोन चौरस मीटर पत्रा झाकला जातो. अशा ट्रॉलीचा आतला-बाहेरचा पत्रा आणि सांगाडा मिळून सहा चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र भरते, म्हणजे तीन हातांना निव्वळ रंगाचेच नऊ ते बारा डबे लागतात, प्राइमर वेगळा. त्याउलट ब्रशने द्यायच्या इनॅमलच्या एका लिटरमध्ये एका हाताचे दहा चौरस मीटर तरी सहज होतात. बाहेरच्या चार बाजू मात्र ३५ सेंटीमीटर उंची धरून दीड चौरस मीटरही भरत नाहीत आणि तेवढ्यासाठी तीन डबे पुरतात. त्या बाजूंवर ब्रशच्या रेघा नसलेला, एकसारखा रंग मिळतो आणि तो टिकतोही, म्हणून तिथे स्प्रेचा खर्च मला योग्य वाटतो.

या दिवाळीनंतर तळ पुन्हा खरवडून त्याला इपॉक्सीचे दोन हात द्यायचे आहेत आणि वर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा सुटा टाकायचा आहे, म्हणजे क्रेट लोखंडावर घासणार नाहीत आणि धुताना तो उचलता येईल. तळाच्या चारही कोपऱ्यांत पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडून त्यांच्या कडा ब्रशने रंगवायच्या आहेत. सांगाड्याची स्प्रेवाली बाजूही इपॉक्सीवर आणायची आहे. बाहेरच्या निळ्या पत्र्याला या वर्षी धुण्यापलीकडे काहीही करावे लागणार नाही.