सोनेरी रोटरी फाईल्स आणि कॉर्डलेस एंडोमोटर : वापरून काय वाटलं

रूट कॅनॉल करताना दाताच्या मुळातली नळी (कॅनॉल) साफ करायच्या, मोटरवर फिरणाऱ्या बारीक फाईल्स आणि त्यांची बिनवायरची मोटर, यांबद्दल हे. आधी चांगलं सांगतो. खालच्या दाढेच्या वाकड्या मिझियल (पुढच्या मुळातल्या) कॅनॉलमध्ये ही हीट-ट्रीटेड फाईल निमूट वळते, जुनी चकचकीत निटाय (निकेल-टायटॅनियमची) फाईल सतत सरळ व्हायला बघायची, मग कॅनॉलची बाहेरची भिंत खरवडली जायची आणि लेज (भिंतीत पायरी) पडायची. ही बोटाने वाकवली की तशीच राहते, त्यामुळे तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटला शेवटच्या दाढेत शिरवणं एकदम सोपं. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करून) मात्र बरीचशी सरळ होऊन येते आणि नवीकोरी वाटते, गोची इथेच आहे, कारण आकार परत आला म्हणजे धातूचा थकवा गेला असं अजिबात नाही.

मोटर विकणारे सांगतात टॉर्क (पिळाचा जोर) कंट्रोल आहे, फाईल तुटणार नाही. अर्धंच खरं. टोक डेंटिनमध्ये (दाताच्या आतल्या कठीण थरात) अडकलं आणि वरून मोटर फिरवतच राहिली तर फाईल पिळवटून तुटते, तिथे ऑटो-रिव्हर्स (जोर वाढला की मोटर आपोआप उलटी फिरणं) कामाला येतो, तेही सेटिंग त्या फाईलच्या कंपनीने दिलेलं असेल तरच. पण वाकणावर फाईल फिरते तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, दर फेरीला हेच. ३०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ३०० वेळा! टॉर्क नॉर्मलच दिसतो, बीप नाही काही नाही, आणि अचानक टोक तुटून आत. म्हणून वाकणात एका जागी फाईल थांबवून फिरवत बसायचं नाही, आत-बाहेर हलवत राहायची आणि काम झालं की लगेच काढायची.

रेसिप्रोकेटिंग मोड चांगला आहे, १५० अंश एकीकडे, ३० उलट, म्हणजे तीन झटक्यांत एक फेरी. पण वेव्हवन, रेसिप्रोक या त्या मोडच्या फाईल्सच्या धारा उलट्या दिशेने कापतात, त्या साध्या रोटेशनवर लावल्या तर कापणारच नाहीत, स्टाफने मोड बदलून ठेवला असेल तर आधी स्क्रीन बघा.

आता वाईट. धातू मऊ, त्यामुळे अरुंद, कॅल्सिफाईड (कॅल्शियम साचून बुजत आलेल्या) कॅनॉलमध्ये जोर लावला की फ्लूट्स (फाईलचे पीळ) उघडतात. एका अर्थी बरंच, तुटायच्या आधी कळतं तरी, पण त्यासाठी दर वेळी काढून पुसून लूप्सखाली (भिंगाच्या चष्म्यातून) बघायला हवं आणि पीळ सैल दिसला की सरळ कचऱ्यात. थकव्याने तुटणारी फाईल मात्र अशी सूचना देईलच असं नाही, त्यामुळे खूप वाकड्या दाढेत वापरलेली मी पुढच्या केसला ठेवतच नाही. १० नंबरची के-फाईल (हाताने फिरवायची बारीक फाईल) शेवटपर्यंत मोकळी फिरल्याशिवाय मोटर लावायची नाही, आणि हायपोक्लोराईट (कॅनॉल धुवायचं द्रावण) भरपूर, कोरड्या कॅनॉलमध्ये तर कधीच नाही.

फाईलला साडेचार स्टार, मोटरला साडेतीन. हेड छोटं आहे, आवाज कमी आहे, फक्त फाईलचा रबर स्टॉपर ढिला, लांबी दोनदा मोजावी लागते.