गच्चीवरचं ऊन की घरातला दिवा? नागपुरात कासवाला ऊन खायची सवय लावताना

कासव दिवसभर पाण्यातच राहतं, दगडावर चढतच नाही, अशी तक्रार कुणी केली की दोन सल्ले लगेच मिळतात. शेजारी म्हणतात, रोज गच्चीवर नेऊन ठेवा. दुकानदार म्हणतो, दिवा घ्या. दोन्हींत तथ्य आहे, पण नागपूरच्या हवेत दोन्हींची किंमत सारखी नाही.

इथे कासव म्हणजे दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. आपल्याकडची चांदणी कासवं किंवा तळ्यातली मऊ पाठीची कासवं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तसं कासव घरी असेल तर दिव्याचा विचार सोडा आणि वनविभागाला कळवा.

ऊन खाताना कासवाची तीन कामं होतात. अंग तापतं, त्यामुळे खाल्लेलं पचतं. पाठ आणि पोटाकडची बाजू कोरडी होते, त्यामुळे बुरशी धरत नाही. आणि उन्हातल्या अतिनील बी (यूव्हीबी) किरणांनी कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं, ज्याच्याशिवाय पोटातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. तिसरं काम अडलं की कवच मऊ पडायला लागतं, वाकडं वाढतं. दोन्ही पर्याय या तीन कामांवर तपासायचे.

गच्ची

ऊन फुकट आहे आणि कुठलाही दिवा त्याची बरोबरी करत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरचं आकाश बहुतेक दिवस स्वच्छ असतं, तेव्हा गच्चीइतकी चांगली जागा नाही. फक्त थंडीत सकाळी सातला नेऊ नका. हवा दहा-बारा अंशांवर असते, ओलं कासव गारठतं, आणि इतक्या तिरप्या उन्हात ते किरणही फारसे नसतात. साडेनऊनंतर न्या. काचेच्या टाकीसकट नेलं किंवा बंद खिडकीत ठेवलं तर ऊन दिसेल, ऊब मिळेल, पण बी किरण काच जवळजवळ सगळे अडवते. उन्हाळ्यात आपण गच्चीवर बांधतो ती हिरवी जाळीही त्यातले बरेच खाते.

एप्रिल-मे मध्ये मात्र चित्र उलटं होतं. पारा ४५ च्या आसपास असताना टबातलं चार बोटं पाणी बघता बघता कढत होतं, खालचा स्लॅब वेगळा तापलेला असतो, आणि कासवाला घाम येत नाही. सावली नसेल तर थोड्याच वेळात जीव जातो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर गच्ची बंदच ठेवा. पावसाळ्यात ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. त्यात कावळे, घारी, मांजरं आहेतच, म्हणजे कुणीतरी तिथे बसून राहायला हवं.

माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. रोज उचलून नेलेलं कासव ऊन खात नाही, आपण त्याला उन्हात ठेवतो. टबाच्या कडेला नखं घासत ते बाहेर पडायची धडपड करतं, ते भ्यायलेलं असतं. ऊन खाणारं कासव ओळखू येतं: मान पूर्ण बाहेर, मागचे पाय मागे ताणलेले, बोटांमधले पडदे पसरलेले, डोळे मिटलेले. ते स्वतःहून चढतं आणि नकोसं झालं की स्वतःहून पाण्यात उतरतं. ही ये-जा त्याच्या हातात असेल तरच सवय लागते.

दिवा

इथे बहुतेक लोक एकच दिवा आणून फसतात. लागतात दोन: उबेसाठी एक आणि अतिनील बी साठी एक. उबेला सीताबर्डीच्या बाजारातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा हॅलोजन बल्ब चालतो. बी किरणांची ट्यूब मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेलीच हवी. मत्स्यालयातला निळा-पांढरा एलईडी दिसायला छान असतो, त्यातून हे किरण मिळत नाहीत. ट्यूब साधारण २५ ते ३० सेंटिमीटर वर टांगा, नेमकं अंतर डब्यावर बघा, मध्ये काच येऊ देऊ नका. वर्षभरानं ती बदला. उजेड देत राहते, पण किरण आटलेले असतात. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

कासव चढतं ते फरकामुळे. पाणी २४ ते २७ अंश आणि चढायची जागा ३२ ते ३५ अंश असेल तर त्याला चढण्यात फायदा दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतलं पाणीच तिशी ओलांडतं, मग ते कशाला चढेल? अशा दिवसांत उबेचा बल्ब बंद, फक्त ट्यूब चालू, थोडं थोडं पाणी बदलायचं आणि टाकी घरातल्या थंड खोलीत हलवायची. कूलरच्या थेट झोतात मात्र नाही, ओल्या अंगावर सतत वारं लागलं की सर्दी छातीत उतरते. जानेवारीत उलट, पाण्यात जाळीचं आवरण असलेला हीटर लागतो.

दिवे रोज त्याच वेळी लागून दहा-बारा तास चालावेत, त्यासाठी टायमर घ्या. सकाळी खायला घालून बाजूला व्हा. पोट भरलं की कासव ऊब शोधतं. टाकी दारासमोर असेल तर प्रत्येक येण्याजाण्याला ते पाण्यात उडी मारेल आणि चढणं सोडून देईल.

जागेचं म्हणाल तर प्लास्टिकचं तरंगतं बेट पिल्लाला ठीक. मोठी मादी पाऊण ते एक फूट होते, तिच्या वजनानं ते बुडतं आणि पोट ओलंच राहतं. विटांवर खडबडीत बाजू वर करून फरशीचा तुकडा ठेवा, पाण्यातून चढायला उतार द्या. खाली अडकून पडेल अशी फट नको.

मग घ्यायचं काय?

फ्लॅटमध्ये राहता आणि दिवसा घरी कुणी नसतं, तर दुसरा विचार नको: दिवे घ्या. सुट्टीच्या दिवशी थंडीतलं ऊन वरकमाई. दोन्ही दिवे परवडत नसतील तर ट्यूब आधी, कारण ऊब आपल्या गावात वर्षातले बरेच महिने आपसूक मिळते, घरात बी किरण कधीच मिळत नाहीत.

अंगण असेल तर मला सगळ्यांत आवडणारा मार्ग तिसरा आहे: तिथेच कायमचा मोठा, खोल टब, वरून तारेची जाळी, अर्ध्यावर पक्की सावली, मध्ये फरशी. कासव स्वतः ठरवतं कधी उन्हात यायचं. मार्चअखेर ते पावसाळा संपेपर्यंत घरात दिव्याखाली, ऑक्टोबरपासून बाहेर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आत आणा. आणि काहीच जमत नाही म्हणून फुटाळा किंवा अंबाझरीत सोडून देऊ नका. ही परदेशी जात आहे, तळ्यातल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते.

सगळं नीट असूनही दोन आठवडे कासव चढलं नाही, किंवा उलट पाण्यात उतरेनासंच झालं, पोहताना एका बाजूला कललं, नाकातून बुडबुडे आले, डोळे सुजले, कवच बोटानं दबलं, तर जागा बदलत बसू नका. पशुवैद्याला दाखवा. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते. जाताना कासव पाणी न भरलेल्या, भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या फडक्यावर न्या आणि ट्यूबचा डबा सोबत ठेवा.