जुनी थ्री नॉट थ्री: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

रायफल आहे ली-एन्फील्ड नंबर ४ मार्क १, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. युद्धकाळात बनलेली, पाच खाचांची बॅरल (नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा), बोल्टवरचा (काडतूस मागून बंद करणारा दांडा) आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला धातूचा भाग) नंबर एकच. नंबर जुळतो म्हणूनच घेतली. पहिल्या दिवशी १०० यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा गोळ्या मारल्या आणि पसारा भरला सात इंच. उभा पसारा जेमतेम तीन इंचांचा, बाकी सगळा आडवा. कागदावर भोकांची जणू एक आडवी ओळच पडली होती. आज हीच रायफल, याच लोखंडी साइटवर, दहा गोळ्या अडीच ते तीन इंचांत टाकते. मधे काय काय केलं आणि त्यातलं कशानं खरंच काम झालं, ते सांगतो.

पहिली गोळी मारण्याआधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडाशी काडतुसाच्या बुडासाठी उरणारी जागा, गेजने तपासून घेतला होता. या रायफलीचं बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, सुटं निघतं आणि ० ते ३ अशा चार मापांत येतं. ते बदलून हेडस्पेस जुळवतात. माझ्या रायफलीत २ नंबरचं होतं आणि गेज व्यवस्थित बसलं. जुनी लष्करी रायफल घेणाऱ्यानं ही तपासणी जाणकार आर्मररकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घेतल्याशिवाय काडतूस आत घालूच नये.

मग सफाई. नळीत उजेड धरून पाहिलं तर खाचा दिसतच नव्हत्या. तांबं काढायचं सॉल्व्हंट रात्रभर ठेवायचं आणि सकाळी चिंधी ओढायची, असं आठ दिवस चाललं. पहिल्या तीन दिवसांत चिंधी गर्द निळी निघायची, आठव्या दिवशी पांढरी आली. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मागे उरतं ते एक प्रकारचं मीठच. हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि नळी गंजवतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून अशी काडतुसं वापरली असतील तर आधी गरम पाणी, मग कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेल. पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) वापरताना दोरी सरळ ओढा. तिरकी ओढलेली दोरी वर्षानुवर्षं नळीच्या तोंडाशी एकाच बाजूला घासते आणि तिथली धार जाते. माझ्या नळीचं तोंड सुदैवानं शाबूत होतं. एवढ्या सगळ्या सफाईनंतर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, सात इंचांवरून सहावर आला. आडवी ओळ तशीच.

इथे माझं चुकलं. आधुनिक रायफलींचे नेमबाज बॅरल लाकडापासून पूर्ण मोकळी करतात, तेच मी इथे केलं. पुढच्या लाकडाच्या टोकाशी बॅरल जिथे टेकत होती, ती जागा कानशीने घासून काढली. पुढच्या वेळी ग्रुप आठ इंचांचा झाला. नंबर ४ ची बॅरल बारीक आहे आणि ती मोकळी ठेवायला बनवलेलीच नाही. बुडाशी जाड भागाखाली ती लाकडावर नीट बसायला हवी, पुढे टोकाशी लाकडानं तिला खालून उचलून धरायला हवं आणि मधे कुठेही स्पर्श नको. टोकाशी हा दाब २ ते ७ पौंड असावा. बॅरलच्या तोंडाशी दोरीचा फास अडकवून स्प्रिंग काट्यानं वर ओढायचं आणि बॅरल लाकडापासून सुटते तेव्हाचा आकडा वाचायचा. जे लाकूड मी घासलं होतं, तिथे कठीण लाकडाची पातळ पट्टी चिकटवली आणि ती थोडी थोडी घासत दाब ४ पौंडांवर आणला. ग्रुप पुन्हा सहावर. म्हणजे दोन महिने घालवून मी होतो तिथेच आलो. तुमची रायफल हातात आली की पहिली कानशी दूर ठेवा. आधी पाहा, मोजा, लिहून ठेवा.

आडव्या ओळीचं उत्तर मागच्या बाजूला सापडलं. गोळी सुटते तेव्हा बॉडीचा सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला दोन बाजूंच्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. आर्मरर त्यांना ड्रॉज म्हणतात. दोन्ही खांदे एकाच वेळी आणि सारखे टेकायला हवेत. एक जरी आखडला असेल तर प्रत्येक धक्क्याला बॉडी थोडी वळते आणि गोळ्या डावी-उजवीकडे फाकतात. ते तपासायला मी तेलाच्या दिव्यावर काजळी धरली, ती बोटानं धातूच्या टेकणाऱ्या भागांवर लावली, लाकूड चढवलं, मुख्य स्क्रू आवळला आणि पुन्हा उतरवलं. डावा खांदा काळा कुळकुळीत, उजवा कोरा. उजवीकडचं लाकूड तेल पिऊन मऊ झालं होतं आणि इतक्या वर्षांच्या धक्क्यांनी दबलं होतं. तिथे दुधाच्या दातासारखा दिसणारा एक तुकडा काढून कठीण लाकडाचं ठिगळ बसवलं. मग चार रविवार तेच: काजळी लावायची, चढवायचं, उतरवायचं, जिथे काळं जास्त दिसेल तिथे दोन हात कानस फिरवायची. चौथ्या रविवारी दोन्ही खांदे सारखे काळे निघाले. त्या दिवशीचा ग्रुप साडेतीन इंचांचा आला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गोल होता. तो कागद मी जपून ठेवला आहे.

मुख्य स्क्रूभोवतीची धातूची नळकांडीही बघा. ती लाकडापेक्षा लांब पडत असेल तर स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड पकडलं जात नाही.

राहिलेला अर्धा-पाऊण इंच गोळीनं दिला. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढला आणि माप घेतलं. खाचा पाच असल्यानं एका खाचेसमोर दुसरी खाच न येता उंचवटा येतो, त्यामुळे साधा मायक्रोमीटर चुकीचं माप देतो. तीन ठिकाणी टेकणारा लागतो. माझी नळी ०.३१४ इंच निघाली. मी वापरत होतो ती गोळी ०.३११ ची, मागे निमुळती. थोडी झिजलेली थ्री नॉट थ्रीची नळी अशा गोळीला घट्ट पकडत नाही. ०.३१२ ची, १७४ ग्रेन वजनाची, सपाट बुडाची गोळी लावली. जुनं मार्क ७ काडतूसही १७४ ग्रेनचं आणि सपाट बुडाचंच होतं. पुंगळ्यांकडे (काडतुसांच्या पितळी नळ्यांकडे) मात्र लक्ष ठेवा. या रायफलीचे चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) सैल असतात आणि पुंगळी बुडाच्या थोडी वर ताणली जाते. पुन्हा भरणार असाल तर फक्त पुंगळीची मान (गोळी धरणारं तोंड) आवळा आणि आतून वाकड्या तारेनं चाचपा. तार कुठे अडखळली तर ती पुंगळी टाकून द्या.

माशीबद्दल, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटबद्दल, थोडक्यात. माझ्या गोळ्या १०० यार्डांवर चार इंच वर लागायच्या. माशीची पाती ०.०१५ इंचांच्या टप्प्यांनी मिळतात आणि एका टप्प्याला १०० यार्डांवर साधारण दोन इंच फरक पडतो. दोन टप्पे उंच पातं बसवलं, गोळ्या मध्यावर आल्या.

ट्रिगरला मी हात लावला नाही. मार्क १ मध्ये ट्रिगर लाकडाखालच्या ट्रिगर गार्डवर टांगलेला असतो, त्यामुळे लाकूड हललं की ओढही बदलते. १९४९ च्या मार्क २ मध्ये तो थेट बॉडीवर आला. लाकूड ठीक केल्यावर माझी ओढ आपोआप सारखी झाली. सीअर (ट्रिगर ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) घासून ट्रिगर हलका करू नका, बोल्ट आपटल्यावर गोळी सुटण्याचा धोका असतो.

उणीव एकच राहिली आहे आणि ती लाकडाचीच. गेल्या महिन्यात दोन आठवडे हवा दमट होती, तेव्हा गोळ्या इंचभर वर लागायला लागल्या. काटा लावला तर टोकाचा दाब ४ वरून ६ पौंडांवर गेलेला. घरी कोरड्या जागी आठ दिवस ठेवल्यावर पुन्हा ४ वर आला. आता लाकडाला कच्चं जवसाचं तेल हातानं चोळून लावतो, पातळ थर, आठवड्याला एक. आणि रेंजवर जाण्याआधी दाब मोजून वहीत तारखेसह लिहितो. कालची नोंद आहे साडेचार.