आरक्षण की टीपी स्कीम? हद्दवाढीत आलेल्या जमीनमालकांसाठी तुलना

गाव महापालिकेच्या हद्दीत आलं किंवा नियोजन प्राधिकरणाच्या ताब्यात गेलं की जमिनीपुढे दोन शक्यता उभ्या राहतात. एक, विकास आराखड्यात म्हणजे डीपीत तुमच्या गट नंबरावर रस्त्याचं, बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडतं. दुसरी, आख्ख्या पट्ट्याची नगररचना योजना म्हणजे टीपी स्कीम जाहीर होते. दोन्ही 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातल्याच वाटा आहेत. अंतिम निर्णय प्राधिकरण आणि राज्य सरकारचा असतो हे खरं. तरीही हरकती-सूचनांच्या मुदतीत आणि जमीनमालकांच्या सभेत गाव काय मागतं, याला वजन असतं. म्हणून नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं लिहून देण्याआधी दोन्हींचा हिशेब मांडावा.

भार कोणावर पडतो

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. डीपीच्या आरक्षणात एका शेतकऱ्याचं सगळं रान बागेसाठी जातं आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचा एक गुंठाही जात नाही. उलट समोर बाग येणार म्हणून शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव चढतो. सार्वजनिक सोय सगळ्यांची, पण जमीन एकट्याची. हा अन्याय आहे आणि गावागावांत यावरून भावकीत दावे उभे राहिले आहेत.

टीपी स्कीममध्ये पट्ट्यातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात, त्यातून रस्ते, बागा, शाळा आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा काढतात आणि उरलेली जमीन आखीव भूखंड पाडून परत देतात. तुमचा ‘मूळ भूखंड’ जातो आणि ‘अंतिम भूखंड’ हाती येतो. प्रत्येकाचं थोडं थोडं जातं, पण कोणी भूमिहीन होत नाही. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोने मूळ जमिनीच्या 40 टक्के अंतिम भूखंड देण्याचं सूत्र ठेवलं. म्हणजे एकराचे 16 गुंठे. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, आणि त्या भागातल्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध समजण्यासारखा आहे. पण 16 गुंठ्यांची तुलना 40 गुंठे शेतीशी करून चालत नाही. रस्ता लागून असलेला, बांधकामाला योग्य भूखंड आणि वाट नसलेलं रान यांचा भाव वेगळा असतो. खरा प्रश्न असा, की तो रस्ता कागदावर आहे की जमिनीवर?

हातात काय पडतं

आरक्षित जमीन घेताना मोबदल्याचे मुख्य मार्ग दोन: रोख किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क. रोख मोबदला 2013 च्या भूसंपादन कायद्याने ठरतो. बाजारभाव आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे शहरी भागात साधारण दुप्पट. ग्रामीण भागात बाजारभावाला लावल्या जाणाऱ्या गुणकामुळे त्याहून जास्त. बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं पाहतात, त्यामुळे गावात व्यवहार कमी किमतीचे दाखवले गेले असतील तर त्याचा फटका इथे बसतो.

तिजोरीत पैसे नसले की पालिका टीडीआर पुढे करते. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार विरळ वस्तीच्या भागात जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. ‘दुप्पट’ या शब्दाला भुलू नका. टीडीआर दुसरीकडे वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन दरांचं गुणोत्तर लागतं. स्वस्त जमिनीतून निघालेला टीडीआर महाग भागात नेला की त्याचं क्षेत्र घटतं. शिवाय विकत घेणारा बिल्डर असतो, आणि भाव बाजारातल्या मागणीवर चढतो-उतरतो. टीडीआर घेण्याची सक्ती मात्र नाही, तो संमतीनेच द्यावा लागतो. हे कार्यालयात ठामपणे सांगा.

टीपी स्कीममध्ये रक्कम कमी, जमीन जास्त. गेलेल्या क्षेत्राचा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) अंतिम भूखंडावर चढवण्याची सोय असते. नैनात तो 2.5 पर्यंत धरला आहे. मोठ्या भूखंडाला हे फार फायद्याचं. पण 10 गुंठेवाल्याला मिळणार 4 गुंठे, साधारण 405 चौरस मीटर. चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीप्रमाणे उंचीची मर्यादा पाळून त्यावर 2.5 एफएसआय बसेलच असं नाही. छोट्या मालकांनी लगतच्या भावांबरोबर सामाईक भूखंड मागावा किंवा उरलेल्या एफएसआयचं काय, याचं उत्तर लेखी घ्यावं.

आणखी एक खर्च अनेकांना शेवटी कळतो. योजनेमुळे भूखंडाची किंमत जितकी वाढली असं ठरेल, त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम अंशदान म्हणून मालकाकडून घेता येते.

वेळ

इथे दोन्ही वाटा वाईट आहेत. डीपी 20 वर्षांसाठी असतो आणि आरक्षण कितीतरी वर्षं नुसतं नकाशावर राहतं: विकायला गिऱ्हाईक मिळत नाही, बांधता येत नाही. त्यावर कलम 127 चा उपाय आहे. आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालकी कागदांसह प्राधिकरणाला खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या’ अशी नोटीस द्यायची. 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं.

टीपी स्कीमची कल्पना आपल्याकडे नवी नाही, 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची आहे. गुजरातने ती नेटाने चालवली. अहमदाबादच्या 76 किलोमीटरच्या रिंगरोडची बहुतेक जागा अशीच मिळाली. महाराष्ट्रात मात्र काही जुन्या स्कीम अंतिम भूखंड ठरवणाऱ्या लवादाकडे दशकानुदशकं अडकल्या. आता रस्त्याची जागा लवकर ताब्यात घेण्याची तरतूद कायद्यात आली आहे. ती वापरली गेली तरच स्कीमला अर्थ आहे, कारण स्कीम करण्याचा इरादा जाहीर झाल्यापासून तुमच्या बांधकामावर बंधनं येतात.

मग काय मागावं

तुमची बहुतेक जमीन आरक्षणात जात असेल तर टीपी स्कीम मागा, त्यात शंका नाही. आरक्षणाबाहेर, हमरस्त्यालगत जमीन असेल तर स्वतःपुरता हिशेब डीपीकडे झुकेल. पण शेजाऱ्याचं रान गेल्यावर गावात काय उरेल, याचाही विचार करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन-चार गुंठे असतील आणि घर त्यावरच असेल तर आहे ते बांधकाम अंतिम भूखंडात कायम ठेवण्याची मागणी पहिल्याच सभेत नोंदवा. भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, अपूर्ण वारस नोंदी, न झालेली मोजणी यांतलं काही असेल तर आधी ते मिटवा, कारण सातबारा आणि प्रत्यक्ष ताबा जुळला नाही की अंतिम भूखंडावर वाद सुरू होतो.

सभेत चार गोष्टी लेखी मागा: परताव्याची टक्केवारी, अंशदानाचा अंदाज, आपला अंतिम भूखंड मूळ जागेपासून किती लांब पडणार, आणि कुठला रस्ता कधी ताब्यात घेऊन बांधणार. शेवटच्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर संमती देताना ती अट म्हणून लिहा.