लग्नानंतरचं नाव, गॅझेट आणि माझे 6,500 रुपये

माझं माहेर दाभोळ आणि सासर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, मध्ये फक्त धोपाव्याची फेरीबोट. मी लग्नाच्या दिवशीच पलीकडे पोचले पण माझं नाव पोचायला आठ महिने लागले, ते का तेच सांगते, कारण ज्या फॉर्म भरून देणाऱ्याने मला फसवलं त्याच्याकडे आमच्याच वाडीतल्या अजून दोघी जायच्या तयारीत आहेत.

लग्नाची नोंदणी आम्ही महिनाभरात ग्रामपंचायतीत केली होती, ग्रामसेवकांच्या सहीशिक्क्याचा दाखला हातात होता. मग जॉइंट खातं काढायला बँकेत गेलो तर आधार, पॅन सगळं माहेरच्या नावाचं. नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाहीये, जुन्या नावानेही खातं निघालं असतं, पण सासूबाई म्हणाल्या "एकदाच काय ते करून टाक गो" आणि मलाही तेच बरं वाटलं.

कचेरीच्या आसपास फॉर्म भरून देणाऱ्यांच्या टपऱ्या असतात ना, 2024 ला लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले तेव्हापासून तर यांची चांदीच आहे. त्यातल्या एकाने "बसा वहिनी" करत खुर्ची दिली, दाखला उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला हा ग्रामपंचायतीचा कागद, हा कुठे चालत नाही, आधी गॅझेट लागतं, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचं छापून यावं लागतं, ते मुंबईला चर्नी रोडला होतं आणि तिथे आपला माणूस आहे. गॅझेटचे 4,500, पॅनचे 1,200, आधारचे 800. मी जीपे केलं. पावती मागितली तर हसला, म्हणाला वहिनी घरचंच आहे.

आधार त्याने त्याच्या ओळखीच्या केंद्रात नेऊन करून दिलं. फॉर्म त्यानेच भरला, मी बोटं टेकवली आणि जी स्लिप वाचून सही करायची असते ती न वाचता सही केली, हा गाढवपणा माझा. नवीन आधार आलं तर नवऱ्याच्या नावातला एक ए गायब आणि आडनावात एक जास्तीचा. आता आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी अशी गेली. पॅनचा तर अर्ज पुढे गेलाच नव्हता.

गॅझेटची पीडीएफ मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आली, वर राजमुद्रा, महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन, सगळं झकास. बँकेतल्या मॅडमनी ती मोठी करून बघितली आणि म्हणाल्या तुमच्या नावाची अक्षरं बाकीच्या पानापेक्षा वेगळी का दिसतायत? त्यांनी शासकीय मुद्रणालयाच्या साइटवर तोच अंक उघडला, तो कोणालाही फुकट बघता येतो, तर माझ्या जागी भलत्याच बाईचं नाव. मला घाम फुटला, म्हटलं आता खोटा कागद दिला म्हणून मलाच धरतात की काय. पण त्या समजूतदार निघाल्या, म्हणाल्या मुळात हा मागितलाय कोणी तुमच्याकडे, लग्नाचा दाखला द्या ना.

म्हणजे जो कागद पहिल्या दिवसापासून माझ्या पिशवीत होता तोच! 1998 च्या कायद्याने ग्रामसेवकच गावचा विवाह निबंधक असतो, त्याच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावता येतं. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवीन पहिलं नाव कागदोपत्री हवं असेल तर गॅझेटची गोष्ट वेगळी, पण माझं ते नाव देवापुढेच राहिलं, हाक अजून जुनीच मारतात.

नंतर दुसऱ्या केंद्रात स्वतः गेले, स्क्रीनवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, 75 रुपयांत काम झालं. पॅन घरी बसून 107 रुपयांत.

त्या माणसाकडे नवरा जीपेचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ घेऊन गेला, पोलिसांत जातो म्हटल्यावर 3,000 परत दिले. बाकीचे "खर्च झाले". टपरी अजून चालूच आहे, परवा बाजाराला गेले तर मला बघून मान खाली घालून प्रिंटरशी खेळत बसला. आधारवरच्या दोन्ही संधी संपल्यात म्हणून नवरा आता चिडवतो, आता मला सोडून गेलीस तरी नाव माझंच लावावं लागेल.