टेर्लिंग्वा की सॅन लुईस? विजेच्या तारेपलीकडची जमीन घेण्याआधी

अमेरिकेत पाच एकर, म्हणजे आपले दोनशे गुंठे, जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात, असे इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत अधूनमधून ऐकू येते आणि ते खोटे नसते. या जमिनींपर्यंत वीज, नळ किंवा गटार यांपैकी काहीच पोहोचलेले नसते, एवढेच काय ते सांगायचे राहून जाते. निवृत्तीनंतर असे राहण्याचा विचार करताना आम्ही दोघांनी दोन ठिकाणे पाहिली. पहिले टेक्सासच्या ब्रूस्टर काउंटीतले (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) टेर्लिंग्वा रँच आणि दुसरे कोलोरॅडोच्या कॉस्टिला काउंटीतले सॅन लुईस खोरे. कागदावर दोन्ही ‘उंचावरची वाळवंटे’च आहेत, पण प्रत्यक्ष राहायचे म्हटले की त्यांच्यात फारसे साम्य उरत नाही.

दोन्हींचा जन्म मात्र एकाच जातकुळीचा आहे. टेर्लिंग्वा रँचच्या सुमारे दोन लाख एकरांत शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांची भागीदारी होती आणि १९६७ मध्ये तिथे भरलेली ‘चिली’ (मांसाचा तिखट रस्सा) शिजवण्याची स्पर्धा या ओसाड मुलखाच्या प्रसिद्धीला चांगलीच उपयोगी पडली. कॉस्टिलात नियतकालिकाचे मालक माल्कम फोर्ब्स यांनी १९६९ मध्ये ट्रिंचेरा रँच विकत घेऊन त्यातल्या मोठ्या भागाचे पाच-पाच एकरांचे तुकडे विकले. नकाशावर रस्ते आखायचे, प्लॉट विकायचे आणि पाण्याचे काय ते घेणाऱ्याने पाहायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच होती.

म्हणूनच किमतींची तुलना बाजूला ठेवून पाणी घरात कोणत्या वाटेने येणार, हे आधी ठरवावे, असे माझे मत आहे. टेर्लिंग्वात ते मुख्यतः आकाशातून येते. तिथे वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षाही कमी, पण टेक्सासात छतावरचे पाणी साठवायला आडकाठी नाही, उलट उत्तेजन आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, या हिशेबाने शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावरून गळती-बाष्पीभवन वजा जाता पंचवीस हजार लिटर हाती लागतात, तर दोन माणसांनी मिळून रोज ऐंशी लिटरमध्ये भागवले तरी वर्षाला एकोणतीस हजार लिटर लागतात. तूट आहे, पण ती छत वाढवून भरून काढता येण्याजोगी आहे. शिवाय पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडत असल्याने वीसेक हजार लिटरची टाकी नसेल, तर वाहून गेलेल्या पाण्याकडे पाहत बसण्यापलीकडे काही उरत नाही.

सॅन लुईस खोऱ्यात हाच हिशेब कोलमडतो. खोऱ्यातल्या अलामोसा गावाच्या परिसरात वर्षाला १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो आणि ज्याने पाणी आधी वापरायला घेतले त्याचा हक्क आधी, या तत्त्वावर कोलोरॅडोचा जलकायदा उभा असल्याने छतावर पडलेला थेंबही सर्वस्वी आपला नसतो. २०१६ च्या कायद्याने घरटी दोन पिंपे, मिळून ११० गॅलन म्हणजे सव्वाचारशेच्या आत लिटर, तेही अंगणातल्या वापरासाठी, साठवण्याची मुभा दिली. बोअरवेलला पात्र असलेल्या प्लॉटवर छतावरच्या पाण्याचा वेगळा परवाना मिळू शकतो, पण बोअरवर जी बंधने असतात तीच त्यालाही लागू होतात. पस्तीस एकरांपेक्षा लहान प्लॉटवरच्या बोअरला साधारणतः घरातल्या वापरापुरतीच परवानगी असते, म्हणजे बाहेरच्या झाडाला त्यातले तांब्याभर पाणी घालणेही नियमात बसत नाही.

बोअर परवडत नसेल तर पाणी चाकांवरून आणावे लागते. लोखंडी पिंजऱ्यातली हजार लिटरची पांढरी चौकोनी टाकी पिकअपमध्ये ठेवून लोक गावातून पाणी भरतात. आम्ही पाहिलेल्या गृहस्थांनी ती दोन तृतीयांशच भरली होती. पूर्ण भरली तर नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होते आणि साधी पिकअप तेवढे पेलत नाही. एवढे करूनही गाडीची मागची बाजू बसली होती आणि कच्च्या रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेगणिक झाकणातून पाणी उसळत होते. टँकरची वाट पाहण्यात बालपण गेलेल्या माणसाला उतारवयात स्वतःच टँकर व्हायचे आहे का, हा प्रश्न मला तिथेच पडला.

हवामानाचा विचारही पाण्यापासून सुटा करता येत नाही. सॅन लुईस हे गाव कळसूबाईच्या शिखराहूनही पावणेआठशे मीटर उंच आहे आणि अलामोसात जानेवारीच्या रात्री सरासरी उणे १८ अंशांपर्यंत उतरतात. सूर्यप्रकाश मुबलक असला तरी सौर वीज साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, त्यामुळे ती घराच्या उबेत ठेवावी लागते, नळ जमिनीत खोल पुरावे लागतात आणि लाकडाची शेगडी ही गरजेची वस्तू होते. टेर्लिंग्वा जेमतेम नऊशे मीटरवर असून तिथे मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एसी चालवायचा तर सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांचा खर्च वाढतो. नागपूरकरांचा जुना मित्र, पाण्याचा कूलर, कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण तो तासाला दहा लिटर सहज पितो. आठ तास चालवला की दोघांचे दिवसाचे पाणी त्यातच संपले!

नियमांच्या बाबतीत टेर्लिंग्वा सैल आहे. काउंटीचा बांधकामाचा जाच नगण्य आहे, मात्र जमीनमालकांची संघटना आहे, तिची वार्षिक वर्गणी आहे आणि रस्त्यांवरून रंगणारे वाद आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शोभतील असे आहेत. कॉस्टिलात काउंटी स्वतःच लक्ष घालते. २०१५ च्या सुमारास तिने कारवाई कडक केल्यावर तंबू किंवा कॅम्परमध्ये (राहण्याच्या सोयीच्या गाडीत) राहून हळूहळू घर बांधू पाहणाऱ्यांशी तिचा बराच संघर्ष झाला. सेप्टिक टँक आणि पाण्याची सोय दाखवल्याशिवाय तिथे बस्तान बसवता येईल, असे गृहीत धरू नये.

दवाखान्याच्या बाबतीत सॅन लुईस सरस आहे. तिथून अलामोसाचे रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटरवर आहे, तर टेर्लिंग्वाहून अल्पाइन गावचे रुग्णालय १३० किलोमीटर, आणि रँचच्या आतल्या कच्च्या रस्त्याचा वेळ वेगळा.

बोअर, सेप्टिक आणि नीट उष्णतारोधक घर यांचे पैसे पहिल्याच वर्षी हातात असतील आणि थंडीचे वावडे नसेल, तर सॅन लुईस घ्यावे. जमीन आज आणि घर सवडीने असा बेत असेल, तर टेर्लिंग्वाच बरे. आमचा कौल टेर्लिंग्वाला आहे, पण व्यवहार अजून केलेला नाही. आधी जूनमधले दोन आठवडे तिथे भाड्याने राहून, कूलरचे पाणी मोजून पाहायचे आहे.