रोमा पास: नाव पास, पण लोकलच्या पाससारखा नाही

मुंबईकराच्या हिशेबात पास म्हणजे एकदा काढला की महिनाभर चढायला मोकळे. रोमा पास, म्हणजे रोम शहर बघायचा पर्यटकांचा पास, विकत घेताना ही सवय दादरलाच सोडून या. ४८ तासांच्या पासवर पहिलं एक स्थळ फुकट, ७२ तासांच्या पासवर पहिली दोन. पुढच्या ठिकाणी नुसती सवलत. शहरातल्या बस, ट्रॅम आणि मेट्रो मात्र तेवढे तास मोफत. विमानतळाची रेल्वेगाडी लिओनार्दो एक्सप्रेस त्यात येत नाही, आणि व्हॅटिकन म्युझियम्सही नाहीत.

गोम 'पहिलं' या शब्दात आहे. कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरो, रोमन फोरम आणि पॅलाटिन टेकडी त्यातच धरलेली. आधी एखाद्या स्वस्त संग्रहालयात पास दाखवलात, की फुकट प्रवेश तिथेच वापरला गेला. म्हणून महागडं आधी.

बहुतेकांचं बिनसतं ते आरक्षणात. पास खिशात असला तरी कोलोसियमची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावीच लागते. बोर्गेसे गॅलरीत दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात आणि लोक मोजूनच आत सोडतात. शिल्पकार बर्निनीचे पुतळे बघायचे तर तिथली वेळ आधी मिळवा, बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवा. सोमवारी गॅलरी बंद. त्या दिवशी कॅपिटोलाइन म्युझियम्स उघडी असतात. बुकिंगला बसण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करा, नाहीतर पैसे भरताना अडकाल आणि तोवर स्लॉट जाईल. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. कोलोसियमच्या दारात ओळखपत्र ताडून बघतात.

घड्याळ पहिल्या वापरापासून चालू होतं, मग तो वापर मेट्रोतला का असेना. संध्याकाळी उतरलात तर त्या दिवशी साधं तिकीट काढा, पास दुसऱ्या सकाळी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांनाच फुकट असतात (गर्दी विचारू नका), तेव्हा तो दिवस पासात धरू नका. व्हॅटिकन म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद.

मुलांसाठी पास घेणं म्हणजे पैसे वाया. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, देश कुठलाही असो. आजी-आजोबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून तशी सूट मिळणार नाही. दोन-तीन मोठी ठिकाणं आणि भरपूर मेट्रो असा बेत असेल तर ७२ तासांचा घ्या. पायीच फिरणार असाल तर सुटी तिकिटं बरी.